जामखेडचा आरोळे डॉक्टरांचा दवाखाना : माहिती, आठवणी आणि एक अडलेला प्रश्न

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, वेळ काढून वाचा ही विनंती.

आमचं गाव सीना नदीच्या काठचं. गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेले आम्ही तीसेक जण गेल्या दिवाळीत जमलो आणि गावात लोकवर्गणीतून दवाखाना काढायचं ठरवलं. एका घराने दीड एकर जागा देऊ केली आहे. नकाशाही तयार झाला : वीस खाटा, एक्स-रे, छोटं ऑपरेशन थिएटर. पुढच्या महिन्यात ग्रामसभेपुढे विषय जायचा आहे. सगळे उत्साहात आहेत, पण मला त्या नकाशाकडे बघून स्वस्थ वाटत नाही. त्याचं कारण जामखेड.

माझा जन्म १९७४ चा. माझ्या आधीची दोन भावंडं घरीच जन्मली आणि घरीच गेली. एक आठव्या दिवशी आचके देऊन, दुसरं वर्षाच्या आत हगवणीने. माझ्या वेळेला आई माहेरी होती. तिच्या माहेरच्या गावात 'आरोळे डॉक्टरांची बाई' यायला लागली होती. त्या बाईने सातव्या महिन्यात आईचे सुजलेले पाय पाहिले आणि तिला बैलगाडीत घालून जामखेडला नेलं. आई अजून सांगते, "डॉक्टरीणबाईंनी वाचवलं हे खरं, पण मला तिथवर कोणी नेलं ते विसरू नको." हे वाक्य ऐकत मी मोठा झालो. म्हणून गेले तीन महिने या दवाखान्याबद्दल जे मिळेल ते वाचतोय, लोकांना भेटतोय. त्यातलं इथे मांडतो.

डॉ. रजनीकांत आरोळे नगर जिल्ह्यातलेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, त्यांच्या पत्नी डॉ. मेबलबाईही तिथल्याच. १९६० साली लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं की खेड्यातल्या गरिबांमध्ये काम करायचं. साठच्या दशकात ते नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात होते. दिवसरात्र रुग्ण तपासायचे आणि तीच माणसं तेच आजार घेऊन परत यायची. मूल जुलाबातून बरं करून पाठवावं, तर दोन महिन्यांनी तेच मूल पुन्हा तसंच समोर. ज्या पाण्याने ते आजारी पडलं ते पाणी गावात तसंच होतं. आजारांतला मोठा भाग टाळता येण्याजोगा आहे आणि खाटा वाढवून तो टळत नाही, ही गोष्ट त्यांना वडाळ्यात कळली. पुढे ते अमेरिकेला गेले. शल्यचिकित्सा वगैरेचं प्रशिक्षण झालंच, पण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले आणि तिथेच जामखेडच्या कामाचा आराखडा आकाराला आला.

१९७० साली ते जामखेडला आले. नगरहून पाऊणशे किलोमीटर, कायम पावसाची ओढ, ज्वारीचा मुलूख. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत. आणि इथे मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आल्या दिवशी त्यांनी 'हात धुवा, लसी घ्या' असं सांगायला सुरुवात केली नाही. लोकांना दवाखाना हवा होता, तर आधी दवाखानाच दिला. अडलेल्या बाळंतिणी, हर्निया, मोडलेली हाडं. विश्वास बसला तो असा.

मग १९७२ चा दुष्काळ. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांना सुकडी (वाटपातला पौष्टिक चुरा), मिलो (रेशनवर मिळणारी परदेशी ज्वारी) आणि खडी फोडायची कामं हे शब्द माहीत असतील. लोक डॉक्टरांना म्हणाले, औषध नको, पाणी आणि पोरांना खायला द्या. तेव्हा गावोगाव मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला. तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली, त्यांच्याच पोरांनी धान्य गोळा केलं, चुली पेटवल्या. बोअर घेतले, हापसे बसवले. ते हापसे शक्य तिथे दलित वस्तीत पडतील हे मुद्दाम पाहिलं गेलं. दुष्काळात पाणी जिथे, तिथे सगळ्या गावाला जावं लागलं. कळशी घेऊन रांगेत उभं राहिल्यावर कोण कोणाला लांब सर म्हणणार?

गावात आरोग्याचं काम कोण करणार, हा पुढचा प्रश्न. आधी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या. एकटी तरुण बाई, परक्या गावात, राहायला धड खोली नाही, आणि तिचं ऐकणारंही कोणी नाही. ते जमलं नाही. मग गावाने आपल्यातलीच बाई निवडायची असं ठरलं. निवडल्या गेलेल्या पुष्कळ जणी अक्षरशत्रू होत्या, कितीतरी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आरोग्य सेविका झाल्या.

आरोळ्यांच्या या प्रकल्पातल्या गावांत १९७१ साली हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला, १९९६ ला २६. मी हे आकडे आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. त्या १७६ मध्ये आमच्या घरची दोन धरायची का, असा विचार माझ्या मनात आला एवढंच. गाव वेगळं होतं, हिशेबात ती नसतीलही.

तर माझा प्रश्न असा. आमच्या हातात पैसा मर्यादित आहे. वीस खाटा आधी, की या बायका आधी? जामखेडला जाऊन आलेल्या, तिथे काम केलेल्या, किंवा दुसरीकडे असा लोकांचा दवाखाना पाहिलेल्या सगळ्यांनी लिहा.

---

वाकळ

सीनाकाठ, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

माझी मावशी अशीच आरोग्य सेविका होती. जामखेडच्याच पट्ट्यातल्या एका छोट्या गावात. शाळेची पायरी चढलेली नाही. ती सांगते ते तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

"आठवड्याला जामखेडला जायचो, मुक्कामी. पयल्या दिशी समद्या येगयेगळ्या बसल्या. मराठ्याच्या इकडं, म्हारा-मांगाच्या तिकडं, मी मधीच. डाक्टरीणबाई काय बोलल्या न्हाईत. मग समद्यांनी मिळून एक मोठ्ठी वाकळ शिवली. थंडी पडली की त्या एकाच वाकळंत झोपायचं. पयल्या रात्री मी कडंला झोपले, दुसऱ्या रात्री कडंला गार लागलं म्हून मधी सरकले."

माझं इथलं नाव त्या वाकळेवरून घेतलंय.

शिकवायची पद्धत मावशीच्या बोलण्यातून कळते. वही नाही, पाटी नाही. सगळं तोंडी, बघून, हात लावून. गेल्या आठवड्यात गावात काय झालं ते प्रत्येकीने सांगायचं, आणि चुकलं असेल तर ते दुसऱ्या सेविकेने सांगायचं. बाळाची टाळू खोल गेली की पाणी कमी झालंय. मूठभर साखर, चिमूटभर मीठ, उकळून गार केलेलं पाणी, आणि चव बघायची : डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट नको. नाळ कापायला नवं पातं, उकळलेला दोरा, आणि वर राख-शेण काही लावायचं नाही. सीनाकाठ, तुमचं आठव्या दिवशी गेलेलं भावंड बहुतेक धनुर्वाताने गेलं असणार. मावशी म्हणते, पूर्वी गावात त्याला 'आठवीचं दुखणं' समजून सटवाईचा कोप मानायचे. तिने स्वतःच्या हाताने केलेल्या बाळंतपणांत एकही बाळ तसं गेलं नाही. हे सांगताना ती ताठ बसते.

पगार नव्हता. शेळ्या, बांगड्यांचा धंदा, भाजी यासाठी कर्ज मिळवून द्यायचे, पोट त्यावर. गावात मान होता, पण तो मिळायला चार वर्षं गेली. आधी पाटलाच्या वाड्यात हिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हते. पाटलाच्या सुनेला ताप भरला तेव्हा आत बोलावलं.

---

निवडुंग

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, एकवीस वर्षं झाली. जामखेडबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. तरीही सीनाकाठ, तुम्ही प्रश्न 'हे की ते' असा मांडताय त्याला माझी हरकत आहे.

तुमच्याच आईचं उदाहरण घ्या. पायाला सूज, बहुधा रक्तदाब वाढलेला. सेविकेने ते ओळखलं, उत्तम. पण बैलगाडी पोचली तिथे डॉक्टर होते, ऑपरेशनची सोय होती. ती नसती तर त्या सेविकेने ओळखून काय केलं असतं? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, आडवं मूल, घोणसाचा दंश, यांत तास मोजून मिळतात. लोक जामखेडची गोष्ट सांगताना फक्त गावातल्या बायका सांगतात आणि मागे उभं असलेलं चाळीस खाटांचं रुग्णालय विसरतात.

दुसरं, अभ्यासाबद्दल. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रकल्पाची गावं आणि आजूबाजूची इतर गावं यांची तुलना छापून आली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला, पण तो पहिला महिना उलटल्यानंतरच्या वयात. पहिल्या महिन्यातली बाळं वाचवणं हे वेगळंच काम आहे. ते गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने करून दाखवलं. तिथेही गावातलीच बाई, पण तिला नवजात बाळाचा न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार करायला, इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे 'बाई निवडली, काम झालं' असं नसतं. तिला नेमकं काय शिकवता आणि तिच्यामागे कोण उभं आहे, यावर सगळं ठरतं.

तिसरं. सरकारने १९७७ साली देशभर गावोगाव आरोग्य रक्षक नेमले होतेच. कित्येक ठिकाणी पुढाऱ्याचा पुतण्या नेमला गेला. तीन महिन्यांचं शिक्षण, मग कोणी विचारपूस केली नाही. योजना विरून गेली. जामखेडमध्ये आणि त्यात काय फरक होता? माझं उत्तर : दर आठवड्याची ती बैठक. शिक्षण कधी संपलंच नाही. वाकळ यांनी लिहिलंय ते सगळ्यांनी पुन्हा वाचा.

---

कृष्णाकाठची_रेवा

मी मिरजेची. आमच्याकडे याच्या अगदी उलट दिशेने वाढ झाली, म्हणून लिहिते. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ ला इकडे आले आणि १८९४ ला मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. त्यांचं नाव सर्जन म्हणून इतकं झालं की लांबलांबून लोक बैलगाड्या, रेल्वे करून यायचे. पुढे डॉक्टर तयार होत गेले, त्यांनी स्वतःची हॉस्पिटलं काढली आणि आख्खं गावच दवाखान्यांचं झालं. आजही कर्नाटकातून माणसं मिरजेला येतात. लहानपणी स्टेशनबाहेर सलाईनच्या बाटलीसकट टांग्यात बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मिरजेने लाखोंना बरं केलं. पण रुग्ण मिरजेकडे चालत आला. जामखेडमध्ये दवाखाना गावाकडे चालत गेला. सीनाकाठ, तुमच्या गावाला मिरज व्हायचंय की जामखेड, हे आधी ठरवा. दोन्हींना लागणारी माणसं वेगळी असतात.

---

सीनाकाठ

निवडुंग सर, मान्य. 'हे की ते' असं मांडलं ते चुकलंच. पण पैसा एकदाच खर्च होतो, म्हणून 'आधी काय' हे तरी ठरवावं लागेल. आमच्या गावापासून उपजिल्हा रुग्णालय पस्तीस मिनिटांवर आहे, १०८ ची गाडी येते. १९७० च्या जामखेडला मागे काहीच नव्हतं, म्हणून त्यांना रुग्णालय बांधावंच लागलं. आमच्या मागे काहीतरी आहे. मग आम्ही पुन्हा तेच कशाला बांधायचं?

वाकळ, ते धनुर्वाताचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आईला विचारलं. म्हणाली, नाळेला राख लावली होती. पन्नास वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

---

माळरान

आमच्या तालुक्यात घडलेलं सांगतो, नाव घेत नाही. एका संस्थेने मोठ्या देणगीतून दुमजली दवाखाना बांधला. उद्घाटनाला मंडप, जेवणावळ, सगळं झालं. सोनोग्राफीचं यंत्र आलं. पहिलं वर्ष एक डॉक्टर होते. त्यांच्या मुलांच्या शाळेची सोय होईना, ते गेले. दुसरे आले, सहा महिन्यांत गेले. मग आठवड्यातून दोन दिवस, मग कोणीच नाही. आज खालच्या मजल्यावर कांदा साठवतात. माझ्या वडिलांनी त्या इमारतीसाठी वासरू विकून वर्गणी दिली होती. जाता-येता ती इमारत बघून त्यांना जे वाटतं ते मला बघवत नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, इमारतीला वर्गणी एकदाच लागते, डॉक्टरला पगार दर महिन्याला लागतो. पहिल्या पाच वर्षांचा चालवायचा खर्च बँकेत ठेवल्याशिवाय कुदळ मारू नका.

---

नागपूरकर_सुधा

लोकांनी स्वतः उभारलेल्या दवाखान्याचा विषय आहे तर छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहराचं शहीद हॉस्पिटल इथे यायलाच हवं. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणींतल्या मजुरांचं गाव. १९७७ च्या जूनमध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात अकरा मजूर मारले गेले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालच्या मजूर संघटनेने त्यांच्या स्मरणार्थ १९८३ साली हे रुग्णालय सुरू केलं. संघटनेतली एक बाई बाळंतपणात उपचाराविना गेली होती, तेव्हापासून मजुरांच्या मनात हे होतं. खाणीत पाळी करून आलेल्या माणसांनी संध्याकाळी विटा उचलल्या. सुरुवात पंधरा खाटांची. मजुरांची मुलंमुलीच तिथे शिकून रुग्णसेवा करू लागली. कोलकात्याकडचे काही तरुण डॉक्टर तिथे जाऊन राहिले आणि मजुरांइतक्याच साधेपणाने राहिले.

नियोगींचा १९९१ ला खून झाला. रुग्णालय बंद पडलं नाही, वाढलं. याचं कारण मला असं वाटतं की ते एका माणसाचं नव्हतं, हजारो मजुरांच्या वर्गणीच्या पावत्यांचं होतं. माळरान, तुमच्या वडिलांच्या वासराची वर्गणीही खरी होती. पण वर्गणी दिल्यानंतर त्यांना त्या दवाखान्यात बोलायला कोणी बोलावलं का? दल्लीत मजुरांची समिती निर्णय घेत होती. हा फरक असावा.

---

माळरान

नाही. एकदाही बोलावलं नाही. कोनशिलेवर देणगीदारांची नावं आहेत, वर्गणीदारांची नाहीत.

---

शुभ्रा_सिस्टर

मी नर्स आहे, नोकरी नाशिकला. जामखेडच्या संस्थेत प्रशिक्षणाला जाऊन आले आहे. सरकारी माणसं, परदेशी विद्यार्थी, सगळे तिथे शिकायला येतात. शिकवायला त्याच सेविका. पाचवारी-नऊवारीतली साठीची बाई एमबीबीएस झालेल्या मुलांना गरोदर पोट तपासायला शिकवते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिने माझा हात धरून बाळाचं डोकं कुठे आहे ते दाखवलं होतं. कॉलेजात तीन वर्षांत जे बोटांना कळलं नव्हतं ते त्या दुपारी कळलं.

वाढीबद्दल बोलायचं तर तिथे खाटांपेक्षा आजूबाजूची कामंच जास्त वाढलेली दिसतात. कुष्ठरोग्यांना वेगळं न काढता इतर रुग्णांबरोबरच तपासायचं हे सुरुवातीपासून. जयपूर फूट म्हणजे कृत्रिम पाय बनवायचा कारखाना आवारातच, तो पाय घालून माणूस शेतात नांगर धरू शकतो. किशोरवयीन मुलींचे गट. पुढे भंडारदऱ्याच्या आदिवासी गावांतही काम नेलं. आरोळे पती-पत्नींना १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्येच जामखेडची दखल घेतली होती, आणि १९७८ च्या आल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार मांडला गेला त्यामागे जी उदाहरणं होती त्यांत जामखेड होतं. मेबलबाई १९९९ ला गेल्या, डॉक्टर २०११ ला. आता मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी बघतात. कोविडमध्ये हेच आवार तालुक्याचं कोविड सेंटर झालं होतं.

एक सांगते, आशाताई (गावातल्या सरकारी आरोग्य कार्यकर्त्या) आल्यापासून लोक विचारतात की आता सेविकांची काय गरज. आशा २००५ च्या योजनेतून आल्या, हजार लोकांमागे एक. त्या फार राबतात, माझी वहिनीच आशा आहे. पण तिचा निम्मा वेळ कागद भरण्यात जातो आणि प्रत्येक कामाचे वेगळे पैसे असल्यामुळे ज्या कामाला पैसे नाहीत ते मागे पडतं. दोष तिचा नाही. तिला आठवड्याला बसून ऐकून घेणारं कोणी नाही. सीनाकाठ, तुमच्या गावात आशाताई आहेतच. नवी बाई शोधण्याआधी त्यांच्या पाठीशी उभं राहून बघा.

---

निवडुंग

सिस्टर, शेवटचं वाक्य मी आमच्या केंद्रात लावून ठेवणार आहे. सीनाकाठ, तुम्ही ठरवत असाल तर एक ठोस सुचवतो : दोन खोल्या, एक पूर्णवेळ नर्स, आठवड्याचे दोन दिवस डॉक्टर, रक्तदाब-साखर-हिमोग्लोबिन तपासणी, आणि उपजिल्हा रुग्णालयाशी लेखी समझोता की इथून चिठ्ठी घेऊन आलेला रुग्ण रांगेत थांबणार नाही. आता १९७१ नाही. हगवणीने मुलं क्वचित जातात. आता चाळिशीतला माणूस रक्तदाबाची गोळी मध्येच सोडतो आणि पक्षाघाताने आडवा होतो. ऊसतोडीला गेलेल्या बायका गरोदरपणात सहा महिने गावात नसतात, त्यांच्या तपासण्या कुठेच होत नाहीत. तुमच्या सेविकांनी आज हे बघायचं. जामखेडची नक्कल करू नका. आरोळ्यांनी आधी गावाला विचारलं होतं, तेवढं करा.

---

सीनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुण्यात आमची बैठक झाली. नकाशा बाजूला ठेवलाय, फाडलेला नाही. वाद झाला. जागा देणाऱ्या घराला वाईट वाटलं, त्यांच्या आईच्या नावाने इमारत व्हायची होती. त्यांना भेटायला मी स्वतः जाणार आहे. दोन खोल्यांनाही ते नाव देता येईल, पण हे त्यांच्या समोर बसूनच बोलायला हवं. वर्गणीतला मोठा भाग चालवायच्या खर्चासाठी ठेवायचा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. माळरान, तुमचा प्रतिसाद मी तिथे वाचून दाखवला.

ग्रामसभेत आम्ही काहीही जाहीर न करता आधी बायकांना विचारणार आहोत की त्यांना काय हवं. ऊसतोडीची माणसं कारखाने बंद झाल्यावर परततात, म्हणून ग्रामसभा तोपर्यंत पुढे ढकलली आहे.

वाकळ, एक विनंती. मावशी येतील का? आमच्या आशाताईंना आणि बायकांना त्यांनी दोन शब्द सांगावेत. गाडी पाठवतो.

---

वाकळ

विचारलं. येते म्हणाली. गाडी नको, यष्टीनेच येईन म्हणते, पण गुडघे दुखतात तेव्हा गाडी पाठवाच, मी तिला तयार करते. तिच्या दोन अटी आहेत. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी बैठक घ्यायची, पुरुषांसमोर कोणी बोलत नाही. आणि ती खुर्चीवर बसणार नाही, सगळ्या जणी सतरंजीवर बसतील तिथेच तिला बसवा. गावातली सगळ्यात गरीब वस्ती कोणती ते आधी कळवा, बैठक तिथे घ्यायची असं ती म्हणते.